पंपाच्या खोलीतलं शुभवर्तमान

विनीने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून धरलेली नोव्हेना शनिवारी, नवव्या दिवशी, पुरी केली आणि रविवारी दुपारी चार वाजता घरची बैठक बोलावली. देवाला नऊ दिवस दिले होते. आता नातेवाइकांना एक दुपार द्यायला हरकत नव्हती.

फर्डिनंडला सकाळीच कुणकुण लागली. मुलगा रॉकी रविवार असूनही मित्रांकडे गेला नाही. सून सँड्राने ठेवणीतले कप काढून पुसले. साडेतीनला थोरली बहीण डेल्फिन, जिला सगळं घर 'बाय' म्हणायचं, छत्री टेकत ओटीवर येऊन बसली. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. ती अर्धा तास आधी येते म्हणजे विषय गंभीर. आणि तिच्यामागून धाकटा भाऊ क्लिफर्ड बगलेत फाइल मारून फाटकातून आत शिरला, तेव्हा फर्डिनंडच्या हातातला पेपर आपोआप खाली आला.

क्लिफर्ड बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला, चर्चच्या कौन्सिलवरचा वजनदार माणूस. सणावाराशिवाय तो या घरात पाऊल टाकत नसे. दोघा भावांचा संसार एकोणीस वर्षं दोन शब्दांवर चालला होता.

"जेवलास?" फर्डिनंडने विचारलं.

"जेवलो." क्लिफर्डने खुर्ची पुढे ओढली आणि फाइल उघडली. "पण आज जरा जास्त बोलायचंय."

फाइलमध्ये सगळ्यात वर व्यसनमुक्ती शिबिराचं पत्रक होतं.

खरी गोष्ट अशी होती की फर्डिनंड दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. वालीवच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ मशीन चालवून तो निवृत्त झाला, आणि गेल्या नाताळात नवे फादर व्हिव्हियन त्याचं घर आशीर्वादित करायला आले. फर्डिनंड एकोणीस वर्षांत चर्चची पायरी चढला नव्हता. पाद्र्यांना खिजवणं हा त्याचा आवडता खेळ होता. चहाचा कप पुढे करता करता त्याने विचारलं, "काय हो फादर, जगात माणसं कितीशी? आदाम, एवा आणि त्यांची पोरं. मग त्यांच्या थोरल्या काइनाला बायको कुठून मिळाली? आमच्या वसईतून नेली काय?"

फादर वयाने रॉकीएवढे. ते हसले. "काका, त्याच्या पुढचं वाचलंय तुम्ही? नाही ना? आधी वाचा. मग मी येतो, आपण नीट भांडू."

हे फर्डिनंडला झोंबलं. लग्नात मिळालेलं बायबल शोकेसमध्ये प्लास्टिकच्या फुलांमागे उभं होतं. विनी चर्चमध्ये मिस्सेला गेलेली पाहून त्याने ते काढलं, खाकी कव्हर घातलं, वर ठळक अक्षरात 'पंप दुरुस्ती' लिहिलं आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत नेऊन ठेवलं. शोकेसमध्ये खिंडार दिसू नये म्हणून तिथे रॉकीचं बारावीचं फिजिक्स उभं केलं. मग रोज दुपारी दोन ते चार, दाराला आतून कडी, मांडीवर शंभर पानी वही. फादरना घाम फोडणारे प्रश्न काढायचे. पंधरा दिवसांत त्रेचाळीस प्रश्न झाले.

पण वाचता वाचता भलतंच होऊ लागलं. त्याला वाटलं होतं, आत नुसता उपदेश असेल. पाहतो तर सगळी घरोघरची भांडणं. भाऊ भावाला फसवतोय, आई एकाच पोराची बाजू घेतेय, सासरा जावयाला राबवून घेतोय, बायका एकमेकींवर जळताहेत. 'हे तर आमच्याच आळीतलं,' म्हणत तो पुढे पुढे जात राहिला. जेवताना बोंबलाचा काटा काढतानाही डोक्यात भावाला फसवून पळालेल्या याकोबाची काळजी. आणि एका दुपारी, भावांनी विकलेला योसेफ पुढे त्याच भावांना ओळख देतो त्या पानावर तो आला आणि काय झालं कुणास ठाऊक, खताच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडला. त्या दिवशी वहीत प्रश्न लिहिला गेला नाही. त्यानंतर कधीच नाही.

मग वाचून झाल्यावर तो पाच मिनिटं नुसता बसू लागला. काही मागायचं नाही, बोलायचं नाही. पंप बंद केल्यावर कानात जी शांतता उरते तीत बसायचं. पुढे एखादं स्तोत्र मोठ्याने म्हणावंसं वाटू लागलं. मग रोझरीची जपमाळ आठवली. पण घरातली रोझरी उचलली तर विनीला कळलं असतं, म्हणून तांब्याच्या तारेत त्याने दहा वायसर आणि एक नट, परत दहा वायसर आणि एक नट, अशी माळ ओवली. तेलकट होती, पण बोटांना ओळखीची होती.

हे सगळं चोरून कशाला? लाज, दुसरं काय. अख्ख्या आळीत 'मी नाही जात' म्हणून छाती काढून फिरलेला माणूस. आता कुठल्या तोंडाने सांगणार? दारुड्याने बाटली लपवावी तसं त्याने बायबल लपवलं आणि दारुड्यासारखाच तो संशयात सापडला. लाल डोळे विनीने पाहिले. बंद दारामागचं पुटपुटणं रॉकीने ऐकलं. तोंडाला वास का येत नाही याचा शोध सँड्राने लावला: "मम्मी, व्होडकाला वास नसतो." हे सगळं फर्डिनंडच्या कानावर आलं होतं आणि त्याला चक्क हायसं वाटलं होतं. पिणाऱ्याला गावात कुणी हसत नाही.

"आपण इथे कुणाला दोष द्यायला जमलेलो नाही," क्लिफर्डने चष्मा लावत सुरुवात केली. "आपण मदत करायला जमलोय."

"मग परीक्षेला बसवल्यासारखा त्याला मधोमध का बसवलास?" बाय म्हणाली.

विनीला प्रस्तावना सोसली नाही. पदराशी चाळा करत ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "फर्डी, खरं सांग. तू पितोस?"

फर्डिनंडने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. खरं सांगावं की सोपं?

"पितो," तो म्हणाला.

विनी मटकन खाली बसली. पण बाण सुटला होता.

"कधीपासून?" क्लिफर्डने पेन काढलं.

"नाताळापासून."

"किती?"

"आधी दिवसाला एक. आता तीन-चार झाल्याशिवाय उठवत नाही."

"जेजू, मारिये!" विनी पुटपुटली.

"एकटाच?"

"एकटाच. पण एकटं वाटत नाही."

"हे लक्षण आहे," क्लिफर्डने पत्रकावर खूण केली. "कुठली घेतोस?"

"जुनी." आता फर्डिनंडला मजा येऊ लागली होती. "जितकी जुनी तितकी चढते. नवीपण आणून ठेवलीय, मधून मधून चाखतो. पण आधी जुनी संपवायची असं ठरवलंय."

"आणि रडतोस म्हणे."

"कधी कधी. आतला माणूसच असा भेटतो."

बायने चष्म्यावरून भावाकडे रोखून पाहिलं. चौतीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेले डोळे होते ते. ती काही बोलणार एवढ्यात वाडीकडच्या बाजूने रॉकी आला. बैठक सुरू होताच त्याला विनीने चावी देऊन पंपाच्या खोलीकडे पिटाळलं होतं. फर्डिनंडला हे ठाऊक नव्हतं. रॉकीच्या केसांत कोळिष्टकं आणि हातात प्लास्टिकची पिशवी पाहून त्याच्या चेहऱ्यावरची मजा उतरली.

"मम्मी, बाटली एकपण नाही," रॉकी धापा टाकत म्हणाला. "पोत्यांमागे बघितलं, टाकीत बघितलं. हे एवढंच भेटलं."

त्याने टीपॉयवर पिशवी उलटी केली. एक वही. तारेतले वायसर. आणि 'पंप दुरुस्ती'.

सँड्राने कव्हर उघडलं. "अय्यो, हे तर बायबल आहे!"

विनीने पुढे वाकून दोन पानं उलटून खात्री केली.

पहिला सावरला क्लिफर्ड. पण कसा! ताडकन उभाच राहिला. "याच्यापेक्षा दारू परवडली! तू बिलिव्हर झालास! चर्च सोडून त्या हॉलमधल्या टाळ्या वाजवणाऱ्यांत गेलास! आपल्या चार पिढ्या या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या, आणि तू..! उद्या मेलास तर आपल्या कब्रस्तानात जागा मिळेल काय तुला?"

"आज मेलो तर?" फर्डिनंडने विचारलं.

"क्लिफर्ड, खाली बस आणि मोज," बाय म्हणाली. तिने तार उचलून बोटांवर घेतली होती. "दहा वायसर, एक नट. दहा, एक नट. असं पाच वेळा. आणि हा क्रूस कशाचा रे फर्डी?"

"हॅक्सॉ ब्लेडचा," तो खालच्या मानेने म्हणाला. "तुटलेलं होतं."

"ही रोझरी आहे. तुझे ते बिलिव्हर मारियेला हात जोडत नाहीत, तर रोझरी कशाला ओवतील? तेव्हा हा बिलिव्हर नाही. दारुडा तर नाहीच. उरला काय?" तिने फळ्यावर उत्तर लिहावं तसा हात हवेत फिरवला. "कॅथलिक."

फर्डिनंडला वाटलं, सुटलो. पण विनी उठली, आणि तिचा चेहरा पाहून तो खुर्चीत मागे सरकला.

"म्हणजे तू पीत नव्हतास."

"नाही गो."

"मग हो का म्हणालास?"

"लाज वाटली."

"दारूची नाही वाटली, देवाची वाटली?" तिचा आवाज चढत गेला. "एकोणीस वर्षं मी देवळात मिस्सेला एकटी जाते, फर्डी. बाकावर शेजारी जागा ठेवते. कुणी विचारलं कोण बसतंय, तर सांगते, येतोय. एकोणीस वर्षं येतोय! बायका हसतात मला. आणि तू खताच्या पोत्यावर बसून देवाशी गप्पा मारतोस, मला सोडून? शेजारी दुसरं पोतं नव्हतं? नऊ दिवस गुडघे सोलून घेतले मी. आता मी देवाचे आभार मानू की तुझ्याशी भांडू?"

"आधी भांड," बायने सल्ला दिला. "आभार रात्रीच्या प्रार्थनेत मान."

पण विनीला भांडता येईना. तिने हातातलं फडकं नवऱ्याच्या अंगावर फेकलं आणि तोंडावर पदर घेतला. फर्डिनंड उठून तिच्याकडे जाणार, तेवढ्यात क्लिफर्डला राहवलं नाही.

"वहिनी, मी पहिल्यापासून सांगत होतो. हा हट्टी आहे. चर्चमध्ये यायचं सोडून.."

विनीने पदर खाली केला. पाच मिनिटांपूर्वी जिने त्याला फोन करून बोलावून घेतल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली असती, तीच आता त्याच्यावर उलटली. "तू तर बोलूच नको. तुझ्यामुळे उठला तो देवळातून. बा गेला तेव्हा काय केलंस, विसरलास?"

ते कुणीच विसरलं नव्हतं. त्यांचा बा गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी पितळी तुतारी, वाजवायचा. अंथरुणाला खिळल्यावर त्याचं एकच मागणं होतं: मला पुरताना माझं कॉर्नेट वाजवा. तो गेला ऐन उपवासकाळात. कबरीशी बँडवाला कॉर्नेटसाठी हात पुढे करून उभा राहिला आणि क्लिफर्डने सगळ्या गावादेखत सांगितलं, उपवासकाळात वाजवायचं नाही, चर्चचा नियम आहे. फर्डिनंड मातीची मूठ टाकून तिथूनच चालता झाला तो झालाच.

"नियम होता," क्लिफर्ड म्हणाला. पण आवाज बसका आला.

"क्लिफर्ड," बाय शांतपणे म्हणाली, "तू सांगतोस की मी सांगू?"

क्लिफर्डने फाइल मिटली. परत उघडली. शेवटी पोटाशी धरली.

"नियमबियम नव्हता," तो म्हणाला. "कॉर्नेटच नव्हतं. बा गेला त्या संध्याकाळी मी ते स्कूटरला अडकवून निघालो होतो. त्याची मधली चावी अडकायची, आठवतंय? म्हटलं, दुरुस्त करून आणू, सकाळी चांगलं वाजू दे. वळणावर स्कूटर घसरली. मी गटारात, कॉर्नेट रस्त्यावर. मागून टेम्पो आला."

"मग?" रॉकीने विचारलं.

"मग काय? चाक गेलं त्याच्यावरून."

"गुडघ्याला पट्टी मी बांधली," बाय म्हणाली. "लहान पोरासारखा रडत होता. म्हणाला, फर्डीला सांगू नको, तो जीव घेईल."

"घेतला असता," फर्डिनंड म्हणाला.

"म्हणून तोंडाला आलं ते बोललो. वाटलं, उद्या सांगू. मग तू बोलायचाच बंद झालास. आणि लोकांनी मला कौन्सिलवर घेतलं." क्लिफर्डने मान खाली घातली. "नियमाचा पक्का माणूस म्हणून."

चार महिने फर्डिनंड त्या गोष्टीतला योसेफ स्वतःलाच समजत आला होता: भावांनी खड्ड्यात ढकललेला, निर्दोष. पुस्तकात किती सोपं होतं ते, गळ्यात पडले आणि रडले. इथे समोर क्लिफर्ड बसला होता, टक्कल, चष्मा आणि शिबिराच्या पत्रकासकट. एकोणीस नाताळ गेले होते. आईच्या मयताची मिस्सा त्याने चर्चबाहेर चिंचेखाली उभं राहून ऐकली होती. ते कुणी परत देणार होतं? त्याच्या जिभेवर बायबलात न सापडणारा एक शब्द आला.

मग त्याला विनी दिसली. ओल्या डोळ्यांनी ती त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्याकडे पाहता पाहता त्याला एक गोष्ट कळली, जी त्याला आवडली नाही. खड्ड्यात ढकलला असेल क्लिफर्डने. पण शिडी लावलेली असताना एकोणीस वर्षं वर न येणं, हे काम त्याने स्वतः केलं होतं. आणि खाली बसून वर विनीलाच वाट पाहायला लावली होती.

त्याने जिभेवरचा शब्द गिळला.

"किती चपटं झालंय?" त्याने विचारलं.

"काय?"

"कॉर्नेट. टाकून नाही ना दिलंस?"

"माळ्यावर आहे. तांदळाच्या गोणीत." क्लिफर्डने दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून दाखवले. "भाकरीसारखं झालंय."

सँड्राला हसू आवरेना. तिने तोंडावर हात दाबला, पण ते नाकातून फुटलं. मग रॉकी, मग बाय, आणि शेवटी विनीही, रडता रडताच.

"उद्या घेऊन ये," फर्डिनंड म्हणाला. "पंपाच्या खोलीत. पोचे काढून बघतो. पण एक अट. मी ठोकत असताना तू वाचून दाखवायचं. योसेफापासून."

क्लिफर्ड जरा घुटमळला. "त्याचं पुढे काय होतं?"

"तुला माहीत नाही?" बाय ओरडली. "कौन्सिलवर आहेस ना?"

"भाऊ त्याला विकतात, इथपर्यंत आहे माहीत," क्लिफर्ड कसाबसा म्हणाला. "पुढचं वाचायला सवड कुठे मिळते? मीटिंगा असतात."

सोमवारपासून दुपारी पंपाच्या खोलीतून ठाकठूक आणि त्याबरोबर बँकेची नोटीस वाचावी तसा क्लिफर्डचा आवाज ऐकू येऊ लागला. मंगळवारी विनीने स्वतःसाठी एक पोतं नेलं, झटकलं आणि दाराशी टाकून त्यावर बसली. बुधवारी क्लिफर्ड एका पानावर मध्येच थांबला, चष्मा काढून पुसत राहिला. कुठलं पान ते फर्डिनंडला न बघता कळलं, म्हणून त्याने हातोडी मुद्दाम जोरात मारली. आठवडाभराने कॉर्नेट कॉर्नेटसारखं दिसू लागलं. वाजायला मात्र ते तयार नव्हतं. फुंकलं की बदकासारखं ओरडायचं. वाडीतल्या बावखलाच्या पाण्यातली खरी बदकं त्याला उत्तर द्यायची.

शनिवारी संध्याकाळी फर्डिनंड वही घेऊन कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेला. जाळीपलीकडून फादर व्हिव्हियननी आवाज ओळखला.

"काका, भांडायला आलात?"

"आधी कुमसार," फर्डिनंड म्हणाला. "भांडण नंतर. त्रेचाळीस प्रश्न आहेत."

कुमसार संपता संपेना. मागे रांगेतल्या बायका घड्याळं बघू लागल्या. विनी मात्र प्रत्येकीजवळ जाऊन मोठ्या अभिमानाने सांगत होती, "एकोणीस वर्षांचं आहे. वेळ लागणारच."

रविवारी ती नेहमीच्या बाकावर बसली आणि आत सरकली. फर्डिनंड शेजारी टेकला तेव्हा पुढच्या तीन बाकांवरची डोकी वळली, कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. तो ताठ बसला. मानेला घाम आला होता. लेथवर पहिल्या दिवशी उभा राहिला होता तेव्हाही इतका आला नव्हता.

शुभवर्तमानाच्या वाचनाला सगळे उठले. फादर वाचू लागले: एका माणसाला दोन मुलं होती. धाकटा आपला वाटा घेऊन दूर गेला, उधळला, डुकरांमागे उपाशी फिरला, घरी परतला आणि बापाने धावत जाऊन मिठी मारली. ही गोष्ट फर्डिनंडला तोंडपाठ होती. 'नवी', म्हणजे नवा करार, त्याने चोरून बरीच चाखली होती. तो आधी मनात म्हणत होता. मग ओठ हलू लागले. घरात मेजवानी चाललेली असताना रुसून अंगणात उभा राहिलेला थोरला भाऊ गोष्टीत आला, आणि फर्डिनंडला भानच उरलं नाही. फादर बापापर्यंत पोचायच्या आधीच याने त्या थोरल्याला समजावायला बाप बाहेर आणला, तोही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माइकपाशी फादर एक क्षण थबकले. पुढच्या बाकावरून क्लिफर्डने मागे वळून पाहिलं.

विनीने नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"पुढे पळू नको," ती कुजबुजली. "फादरना वाचू दे. आम्हाला अजून माहीत नाही तो आत येतो की नाही."

"ते लिहिलेलंच नाही," फर्डिनंड तिच्या कानाशी म्हणाला. "बाप बोलावतो, आणि तिथेच संपतं. मी दहादा बघितलं."

विनीने त्याच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरून ठेवली.